आडाचं पाणी, उकळून

२ मार्च १९८६

गेल्या वर्षी एका सकाळी ह्यांनी चूल पेटवली तेव्हा मी म्हशीखालचं शेण पाटीत भरत होते. अंगणात तीन दगडांची वेगळी चूल होती, फक्त माझ्या पाण्याची. हे फुंकून जाळ करायचे, पातेल्यावर परात पालथी घालायचे, आणि पाणी खदखदायला लागलं की मला हाक मारायचे, "बघून जा, नाहीतर म्हणशील कोमटच दिलं." मी हात धुऊन बघायला जायचे. बुडबुडे बघायचे आणि परत शेणाकडं. मग गोठा झाडला, धार काढली, दूध डेअरीवर घातलं, भाकरी थापल्या. हे जेवले, सदरा घातला आणि नळदुर्गला ट्रक भरायला निघाले. जाताना निवलेलं पाणी माझ्या तांब्यात ओतून वर फडकं बांधून गेले. त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. अशा सकाळी पुष्कळ होत्या आणि त्या संपत नसतात असं मी धरून चालले होते.

गेल्या श्रावणात नळदुर्गच्या पुढं ट्रक उलटला. आता पाणी मीच उकळते आणि मीच बघते. बघून जा म्हणणारं कुणी नाही, म्हणून वहीत लिहिते.

आज आमच्या वस्तीची विहीर आटली. तळाला नुसता चिखल आणि त्यात एक मेलेलं बेडूक. चांगुणानं, माझ्या धाकट्या जावेनं, तोच चिखल बादलीत वर काढला आणि म्हणाली, "निवळंल की." मला तिथंच उमासा आला.

५ मार्च

टँकर आला. मुरुमच्या पुढच्या तळ्यातून भरून आणतात. त्या तळ्यात म्हशी बसतात हे सगळ्यांना माहीत आहे. टँकर गावात येतो आणि चावडीपुढच्या आडात रिकामा होतो. वस्तीत येत नाही, रस्ता नाही म्हणतात. ट्रॅक्टर येतो, मतांच्या वेळी जीप येते, टँकर तेवढा येत नाही.

आडावर आम्ही आमच्या घागरी घेऊन एका बाजूला उभ्या राहतो. गुंडप्पा, म्हणजे दूध सोसायटीचा शिपाई, पाणी शेंदतो आणि आमच्या घागरीत वरून ओततो. दोराला आम्ही हात लावायचा नाही असं कुणी म्हणत नाही. पण गुंडप्पा दोर सोडतच नाही. आज त्यानं ज्या हातानं नाक शिंकरलं त्याच हातानं दोर ओढला. दोरावरून पाणी ओघळतं, ते पोहऱ्यात जातं, पोहऱ्यातून माझ्या घागरीत. मी बघत राहिले. तो म्हणाला, "काय बघतीस भिमाबाई? पाणी धर की."

सकाळी मी डेअरीवर दूध घालते तेव्हा माझ्या म्हशीचं दूध आण्णासाहेबांच्या म्हशींच्या दुधात, एकाच कॅनमध्ये, पडतं. तिथं कुणाला काही वाटत नाही. आण्णासाहेब सोसायटीचे चेअरमन आहेत आणि गावचे सरपंचही. दूध एक होतं. पाण्याला मात्र गुंडप्पा लागतो.

घरी येऊन पाणी दोन पदरी फडक्यातून गाळलं. फडक्यावर शेवाळ, केस आणि एक वळवळणारी बारीक अळी राहिली. उकळलं. जळण तुराट्यांचं, तेही संपत आलं आहे.

९ मार्च

चांगुणाच्या नातवाचं बारसं. घुगऱ्या केल्या होत्या, त्या मी खाल्ल्या, शिजलेल्या होत्या. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पदराखालची माझी बाटली काढली.

सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "अक्का, माझ्या हातचं पाणी चालत न्हाय व्हय आता? बामणीण झालीस जनू."

"चांगुणा, तुला मालूम हाय माझं दुखनं."

"मालूम हाय. दुखनं लई सोवळं हाय तुजं. हागवन आमालाबी लागती, आमी कुनाचा तांब्या परत करीत न्हाय."

बायका हसल्या. मीही हसले असते, ती बोललीच तशी. पण तांब्याच्या काठावर तिच्या थोरल्या नातवाच्या ओठांची लाळ वाळलेली मला दिसत होती आणि माझं सगळं लक्ष तिथंच होतं.

दुखणं काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते. लहानपणापासून माझं नाक वाहतं. कान फुटतात, उशीला पू लागतो, घाण वास येतो. छाती भरते. पोट तर नेहमीचंच. सगळे म्हणायचे प्रकृतीच तशी. मग पाच वर्षांमागं सोलापूरला गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. रक्त चढवलं आणि बाटली थोडी उतरली नाही तोच माझा घसा आवळला, अंगावर गांधी उठल्या, श्वास बंद झाला. हे बाहेरून दारावर धडका देत होते म्हणे. वीरभद्र डॉक्टरांनी बाटली तोडली, सुया मारल्या, मी परत आले. त्यांनी माझं रक्त मुंबईला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की माझ्या रक्तात आयजीए नावाची वस्तू नाहीच.

मी विचारलं, "म्हंजे काय न्हाय?"

ते म्हणाले, "बाई, घरात माणसं आहेत, काठ्या आहेत, पण ओसरीवर कुत्रं नाही. नाक, घसा, आतडं, ही तुमची ओसरी. चोर आत शिरल्यावरच घरच्यांना कळतं." आणि दुसऱ्याच्या रक्तात ती वस्तू असते, तिलाच माझं अंग वैरी समजतं. म्हणून साधं रक्त मला कधी द्यायचं नाही, धुतलेलं द्यायचं, आणि ते इकडं कुठंही मिळत नाही. औषध काय, तर औषध नाही. जपायचं. पाणी उकळून प्यायचं, ताप आला की लगेच यायचं.

त्यांनी कागद दिला. कागद भिजेल, हरवेल, म्हणून मी येडशीच्या जत्रेत गोंदवून घेतलं. डाव्या हातावर ह्यांचं नाव पहिल्यापासून होतं, त्याच्या खाली 'रक्त देऊ नये'. गोंदणारीला सुया आधी उकळायला लावल्या. ती म्हणाली इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक भेटलं नाही.

१८ मार्च

कान वाहतोय. काही लिहावंसं वाटत नाही. स्वतःच्याच अंगाची शिसारी येते.

२९ मार्च

आज आण्णासाहेब वस्तीत आले. पांढरी टोपी, चपला हातात घेऊन, कारण वस्तीच्या तोंडाशी नालीचं पाणी साचलंय. ती नाली त्यांच्याच वाड्याकडून येते.

तात्याराव भावजींनी, म्हणजे चांगुणाच्या नवऱ्यानं, खाट टाकली. आण्णासाहेब टेकले, पूर्ण बसले नाहीत. म्हणाले, तहसीलदारांचा हुकूम आहे, एक गाव एक पाणवठा. नाहीतर टँकर दुसऱ्या गावाला जाईल. तेव्हा चौदा एप्रिलला, जयंतीच्याच दिवशी, आड सगळ्यांना खुला करायचा. तहसीलदार येणार, फोटो निघणार. वस्तीतल्या एका मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर आडाचं पाणी प्यायचं, आणि पाणी आण्णासाहेबांनी स्वतः द्यायचं.

"कुनी प्यायचं ते तुमी ठरवा," ते म्हणाले. "पन पिलं पायजे. पुन्हा म्हनू नका की आमी दिलं न्हाय."

ते गेल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. विहारात मी वाचून दाखवते, वयानं मोठी, आणि विधवा म्हणून फोटोत बरी दिसेन. हे शेवटचं कुणी बोललं नाही, मला वाटलं.

मी म्हणाले, "भावजी, मला पानी बाधतं. चांगुणाला न्हेऊन उभी करा."

भावजी म्हणाले, "त्यांनी तुमचंच नाव घेतलं व्हतं वहिनी, येताना वाटंत. त्यांना म्हाईत हाय तुमी बाटली घिऊन फिरता. गुंडप्पानं सांगितलं असंल. तुमी न्हाय पिलं, तर तहसीलदाराला सांगत्याल, आमी देतोय, ह्यांनाच आमचं नगं. मग दोर काय आपल्या हाती येत न्हाय."

मला तेव्हा कळलं. मोठं हुशार माणूस.

३ एप्रिल

सोलापूरला जाऊन आले. एसटीत शेजारी एक बाई खिडकीतून ओकत होती आणि वाऱ्यानं ते मागं येत होतं. मी पदर नाकाला लावून बसले.

वीरभद्र डॉक्टरांनी कान साफ केला. मी त्यांना विचारलं, एक ओंजळ पाणी, कच्चं, एकदाच, प्यालं तर काय होईल?

ते चष्म्यावरून बघत राहिले. "कशाला पिणार?"

"तसं कारन हाय."

"भिमाबाई, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही इथं आला तेव्हा तुमच्या अंगावर मांस नव्हतं. रक्त किती उतरलं होतं आठवतं? दुसऱ्या कुणाला मी दोन बाटल्या चढवल्या असत्या. तुम्हाला गोळ्या देऊन हात जोडून बसलो होतो. एका ओंजळीत काही होणारही नाही, किंवा सगळं होईल. मी पाणी बघितल्याशिवाय काय सांगू?"

"पानी म्या बघितलंय," मी म्हणाले.

"मग मला का विचारता?"

गेला उन्हाळा आठवतो. कुजक्या अंड्यासारख्या ढेकरा, फेसाळ पातळ जुलाब, खाल्लेलं तसंच बाहेर. महिनोन् महिने. त्या कडू पिवळ्या गोळ्यांनी तोंडात पत्रा चघळल्यासारखी चव. हे माझी लुगडी धुवायचे, वस्तीच्या बाहेर ओढ्यात, पहाटे, कुणी बघायच्या आत. बाप्यानं बायकोची लुगडी धुणं, तीही तसली. मला लाज वाटायची. हे म्हणायचे, "म्हशीचं शेन काढतीस की रोज. हे काय वेगळं हाय?" मी रागावायचे. आता ते वाक्य कितीदा मनात म्हणते.

पुन्हा तसं झालं तर धुणारं कुणी नाही.

७ एप्रिल

वस्तीत पाणी उरलं नाही. गुंडप्पा मनात येईल तेव्हा ओततो, नाहीतर म्हणतो टँकरच कमी आला. गावातल्या बायका आमच्यासमोर भांडी घासतात त्या पाण्यानं. चांगुणाचा थोरला नातू तहानेनं किंचाळत होता. तिनं त्याला डबक्यातलं पाणी पाजलं. मी बोलले तर म्हणाली, "तुझं उकळल्यालं दे मग सगळ्या वस्तीला. हाय जळन तेवढं?"

नाही. एका तांब्यापुरतं आहे. तो तांब्या मी तिला दिला. तिनं आधी वास घेतला, "धुरकाट लागतंय," म्हणाली, आणि मुलाला पाजला.

रात्रीपासून विचार करते. सगळ्या जन्मात लोकांनी आमच्या भांड्यांकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं मी आता त्यांच्या भांड्यांकडं बघते. माझ्याकडं डॉक्टरचं कारण आहे, त्यांच्याकडं काही नाही, एवढाच फरक. पण नाक मुरडताना तोंड सारखंच दिसत असणार.

१३ एप्रिल

उद्या. निळ्या पताका लावल्या. मुलं नाचतायत. भावजी येऊन बसले.

"वहिनी, मनातलं सांगा. पिनार का न्हाय?"

"पिते म्हनलंय की."

"तुमाला काय झालं तर?"

"तर काय. तुमी आड वापरा."

त्यांची नजर माझ्या हातावरच्या गोंदणावर गेली. मग म्हणाले, "दादा असते तर मला मारलं असतं." खरंच मारलं असतं.

मी शूर वगैरे काही नाही. मला मरायची भीती कमी वाटते, त्या ढेकरांची जास्त वाटते. आज सकाळी आडात वाकून बघून आले. वर निळसर तवंग, एक तुटकी चप्पल तरंगतेय, काठाला गुंडप्पाच्या पानाच्या पिचकाऱ्या. जयंतीसाठी काठ चुन्यानं रंगवलाय. पिचकाऱ्यांवरूनच चुना मारलाय, त्या खालून तांबड्या दिसतात.

१४ एप्रिल

झालं ते लिहिते. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

मांडव होता, खुर्च्या होत्या, हार होते. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. तहसीलदार बोलले, चांगलं बोलले. मग आण्णासाहेब उठले. गुंडप्पानं पाणी शेंदलं, लखलखीत पितळी कळशी भरली. आण्णासाहेबांनी कळशी हातात घेतली, माझ्यापुढं आले, आणि फोटोवाला समोर वाकला.

"या भिमाबाई, घ्या, प्या," ते मोठ्यानं म्हणाले.

मी पेला शोधला. पेला नव्हता. हार होते, सुपाऱ्या होत्या, माईक सोलापूरहून आणला होता. पेला आणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मला नंतर सुचलं की तो कुणाच्या घरून आणायचा आणि नंतर कुणाच्या घरात परत न्यायचा, हा प्रश्न होता. कळशीचा काठ तर तोंडाला लागणारच नव्हता.

मी नुसतीच उभी राहिले. तेव्हा आण्णासाहेब हळूच, सवयीनं म्हणाले, "अगं, वंजळ कर की."

आणि कळशी वर उचलली. वरून ओतायला.

माझे हात आपोआप पुढं गेले. हे लिहायला लाज वाटते. दोन्ही हात जुळले, खोलगट झाले, आईचे व्हायचे तसे. कळशी कलंडली. काठाशी एक केस चिकटलेला दिसला, काळा, लांब, पाण्याबरोबर हलणारा. मला असा उमासा आला की हात सुटले. पाणी माझ्या पायांवर पडलं.

काहीतरी बोलणं भागच होतं. माझ्या तोंडून निघालं, "पाजू नका, आण्णासाहेब. दोर द्या."

"आं?"

"दोर. आड खुला केलाय न्हवं? म्या शेंदून घेते."

आण्णासाहेब म्हणाले, "अगं, मी देतोय ना हातानं! प्या की... पी की." लोकांसमोर तुम्हीचं तू झालं, ते त्यांच्याही लक्षात आलं. गुंडप्पा दोर घट्ट धरून त्यांच्याकडं बघत होता. तहसीलदार खुर्चीतून म्हणाले, "द्या की त्यांना दोर. त्याच्यासाठीच तर कार्यक्रम आहे." फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. कशाचा निघाला असेल देव जाणे.

गुंडप्पानं दोर सोडला. दोर ओला, बुळबुळीत होता, त्याला त्याच्या हाताचा तंबाखूचा वास. मी ओढला. रहाट कुरकुरला. पोहरा वर आला तसा माझ्या घागरीत ओतला, पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घराकडं चालू लागले. एक थेंब प्याले नाही, आणि त्या गडबडीत मी प्याले नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मागं वळून बघितलं तर चांगुणाच्या हातात दोर होता आणि तिच्या मागं वस्तीतल्या सगळ्या बायका.

संध्याकाळी विहारात भावजी सगळ्यांपुढं म्हणाले, "वहिनीनं आज त्यांची वंजळ त्यांच्याच पायाशी सांडली." टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. मला फार किळस आली, टाळ्यांची नाही, माझी. मला कुठलीही जुनी ओंजळ सांडायची नव्हती. मला केस दिसला. मला जुलाब नको होते. खरं बोलावं म्हणून चांगुणाला बाजूला घेऊन सांगितलं.

तिनं विचारलं, "केस व्हता?"

"व्हय."

"मंग काय झालं," ती म्हणाली. "माझ्या आईलाबी केस दिसत असंल की. तिनं पिलं." आणि डोळ्याला पदर लावून भांडी घासायला गेली. तिला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

घागर तशीच पडून आहे. जळण नाही.

१६ एप्रिल

काल सकाळी कळलं की आडावरचा दोर रात्रीत कुणी काढून नेलाय. गुंडप्पा म्हणतो चोरीला गेला. आण्णासाहेब सोलापूरला गेलेत. वस्तीतलं कुणी जायला तयार होईना. भावजी म्हणाले तहसीलदाराकडं अर्ज करू. चांगुणा घरात गेली आणि छपरावरचं चऱ्हाट काढून माझ्यापुढं टाकलं. काखेत तुराट्यांची एक पेंढी होती, तीही टाकली.

मी ते चऱ्हाट घेऊन आडावर गेले. पोहऱ्याला बांधलं, रहाटावरून सोडलं आणि दोन घागरी पाणी शेंदलं. घरी आणलं, दोन पदरी फडक्यातून गाळलं, अंगणातल्या चुलीवर ठेवलं, बुडबुडे येईपर्यंत बघत बसले, निवल्यावर प्याले.